पार्श्वभूमी : काळ ‘भास’ कसा ठरला?

ठाण्यात विज्ञानावर व्याख्यान असलं की शेवटी श्रोत्यांतून प्रश्न येतोच : अवकाश आणि काळ भास आहेत, हे भौतिकशास्त्रानं मान्य केलंय ना? पाठोपाठ मायावादाचा दाखला. भौतिकशास्त्राचं म्हणणं याहून बरंच मर्यादित आहे.

दोन घटना एकाच वेळी घडल्या का, हे पाहणाऱ्याच्या गतीवर ठरतं, हे आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतातून १९०५ साली पुढे आलं. गणितज्ञ मिन्कोव्स्की यांच्या १९०८च्या कोलोनमधल्या (जर्मनी) व्याख्यानात सुटा अवकाश आणि सुटा काळ निकालात निघाले. दोहोंचा संयोग मात्र स्वतंत्र वास्तव म्हणून टिकेल, असंही तिथेच म्हटलं होतं. हा उत्तरार्ध सहसा कोणी सांगत नाही.

खरी ठिणगी १९२२ची. एप्रिलमध्ये पॅरिसच्या सभेत आंरी बर्गसाँ या नामवंत तत्त्वज्ञानं आक्षेप घेतला की, घड्याळातल्या काळात माणूस जगतो तो काळ मावत नाही. सापेक्षतेच्या जनकानं, म्हणजे आइन्स्टाइन यांनी, तत्त्वज्ञांचा असा वेगळा काळ नसतोच, असं उत्तर दिलं. नोव्हेंबरमध्ये त्यांना १९२१चं राखून ठेवलेलं नोबेल मिळालं, पण प्रकाशविद्युत परिणामासाठी (प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या नियमासाठी). १९१९च्या ग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश वाकलेला मोजूनही सापेक्षता बाजूलाच राहिली. डिसेंबरच्या समारंभात तर पॅरिसच्या आक्षेपाचा उल्लेखही झाला. प्रयोगाच्या पुराव्याबद्दल निवड समिती सावध होती, हे पटतं. तत्त्वज्ञाची हरकत त्या व्यासपीठावर आणणं पटत नाही.

‘भास’ लोकांच्या तोंडी बसला तो आइन्स्टाइन यांच्या १९५५च्या एका सांत्वनपत्रामुळे. त्यातही भास म्हटलंय ते भूत, वर्तमान, भविष्य या भेदाला.

पुढचे पेच पुंजभौतिकीचे, म्हणजे अणूंच्या सूक्ष्म जगाच्या शास्त्राचे. गुरुत्वाकर्षण आणि पुंजभौतिकी जोडू पाहणाऱ्या १९६७च्या एका समीकरणात काळच उरला नाही. १९९७नंतर अवकाश आणखी मूलभूत कशातून तरी उपजलेला असावा, या कल्पनेला बळ आलं. ती अजून सिद्ध नाही, आणि उपजलेलं म्हणजे खोटं असंही नाही. हवेच्या एका रेणूला तापमान नसतं, तरी ठाण्यातला मे महिन्याचा उकाडा खराच असतो.

सापेक्षतेमुळे उपग्रहांवरच्या घड्याळांत दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केली नाही, तर घोडबंदर रोडवरच्या रिक्षाचा ठिकाणा मोबाइलवर काही किलोमीटर चुकेल. २०१५मध्ये अमेरिकेतल्या ‘लायगो’ वेधकांच्या चार-चार किलोमीटरच्या भुजांनी गुरुत्वीय लहर टिपली, म्हणजे अवकाशाचंच ताणणं मोजलं. तसाच वेधक आपल्या हिंगोली जिल्ह्यात उभारायला २०२३मध्ये मंजुरी मिळाली आहे.