अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करावं लागत नाही?

"अकरा महिन्यांचंच आहे ना, मग नोटरी बस झाली" हे एजंटपासून घरमालकापर्यंत सगळे वर्षानुवर्षं सांगतात, पण महाराष्ट्रात हे साफ चुकीचंय. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे, अकराचा आकडा तिथूनच आला, पण आपल्याकडे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ लागतं आणि त्यात मुदत कितीही असो, करार लेखी आणि रजिस्टर्डच हवा. जबाबदारी घरमालकाची बरं का, भाडेकरूची नाही! नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खरी गोची पुढेच, वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच धरतात, मालक उलट सिद्ध करेपर्यंत.