पटावरचा सेनापती: हुकूम कुठवर पोहोचतो?

टेबलटॉप वॉरगेमसाठी, म्हणजे टेबलावर छोटे शिपाई मांडून खेळायच्या युद्धखेळासाठी, नव्याने सैन्य उभं करणारा खेळाडू सेनापती निवडताना बहुतेक वेळा त्याची तलवार बघतो. हाणामारीत तो किती गुण वाढवतो, किती घाव सोसतो, एवढ्यावर निवड होते. नियम लिहिणारे मात्र गेली दोनशे वर्षं वेगळ्या तीन प्रश्नांशी झगडत आले आहेत: सेनापतीचा हुकूम किती लांब जातो, एका डावात (म्हणजे एका पाळीत) तो किती हुकूम देऊ शकतो, आणि तो पडला तर सैन्याचं काय होतं. चांगला कमांडर निवडायचा तर या प्रश्नांची उत्तरं कशी घडत गेली, ते माहीत असायला हवं.

बुद्धिबळात हुकूम नावाची गोष्टच नाही. राजा मोलाचा, पण तो कुणाला आज्ञा देत नाही. हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला असला तरी खेळाडूच्या मनात येताक्षणी हलतो. १७८० साली ब्रन्सविकच्या योहान हेलविग यांनी बुद्धिबळाचाच पट वाढवून लष्करी खेळ रचला, घरांना रंग देऊन भूप्रदेश दाखवला, तोफखाना आणला. तरीही खेळाडूला सगळं दिसायचं आणि सगळे मोहरे त्याचं लगेच ऐकायचे.

हे बदललं प्रशियात. थोरल्या राइसविट्झ यांनी १८१२ च्या सुमारास राजाला दाखवलेला खेळ त्यांच्या मुलाने, तोफखान्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याने, १८२४ साली नियमांसह छापला. नकाशा १:८००० प्रमाणाचा, लाल आणि निळे ठोकळे, एक डाव म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. खरी नवी गोष्ट मध्ये बसलेला पंच ही होती. खेळाडू लेखी हुकूम पंचाच्या हाती देत. घोडेस्वार निरोप्याला ते अंतर कापायला जेवढा वेळ लागेल, तेवढे डाव पंच तो हुकूम अडवून ठेवी. शत्रूची जी तुकडी त्या जागेवरून दिसणं शक्य नाही, तिचे ठोकळे नकाशावर मांडलेच जात नसत. आज आपण जिला ‘कमांड रेंज’, म्हणजे हुकूम पोहोचण्याची मर्यादा, म्हणतो, तिचं मूळ इथे आहे. पुढे आकडेमोडीचे तक्ते फार बोजड वाटू लागले. १८७६ मध्ये प्रशियन अधिकारी व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा यांनी ते बाजूला ठेवून निकाल अनुभवी पंचाच्या निर्णयावर सोपवला.

हौशी खेळाडूंकडे असा पंच क्वचितच असतो. एच. जी. वेल्स यांच्या १९१३ च्या नियमांत शिपायांच्या हालचालीला वेळेची मर्यादा आहे, पण हुकमाची अडचण नाही. नंतर बरीच वर्षं अनेकांनी लेखी हुकमांचा मार्ग धरला. पंचाशिवाय तो फारसा टिकत नाही, कारण ‘टेकडीकडे सरका’ याचा अर्थ टेकडी घ्या की तिच्या पायथ्याशी थांबा, हे हुकूम लिहिणाराच सोयीने ठरवतो आणि वाद सुरू होतो.

तोडगा फाशात निघाला. फिल बार्कर आणि रिचर्ड बॉडली स्कॉट यांचा ‘डीबीए’ हा प्राचीन लढायांचा खेळ १९९० साली आला. सोलापुरातल्या साध्या घरात, दोन फुटी चौकोनी टेबलावर, प्रत्येकी बारा तुकड्यांनिशी खेळता येतो म्हणून नवख्यांना आजही आधी हाच सुचवावा. दर डावात एक फासा टाकायचा. जेवढे ठिपके, तेवढ्या हालचाली. एक पडला, तर बारा तुकड्यांचं सैन्य जवळपास जागेवर थिजतं. मात्र एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या तुकड्यांचा गट एका ठिपक्यात हलतो. या एका नियमात सेनापतीची निम्मी विद्या आहे. एक किंवा दोन पडण्याची शक्यता एकतृतीयांश असते, म्हणजे दर तीन डावांतला एक डाव कमी हुकमांचाच जाणार असं धरून मांडणी करावी: मुख्य फळीचा एक गट, बगलेचा दुसरा, राखीव तिसरा. पाच ठिकाणी विखुरलेलं सैन्य मांडताना देखणं दिसतं आणि तिसऱ्या डावात अडकतं. दुसऱ्या आवृत्तीत सेनापतीपासून १२०० पावलांपलीकडची हालचाल एक ठिपका जास्त खाते. १५ मिलिमीटरच्या शिपायांसाठी हे अंतर १२ इंच. मध्ये डोंगराची कड किंवा झाडी आली तर मर्यादा निम्मी होते. त्यामुळे सेनापती एका टोकाच्या घोडदळात ठेवला की दुसरं टोक महाग पडतं. ही चूक फार दिसते, कारण अनेक सैन्यांत सेनापतीची तुकडी घोडदळाचीच असते आणि घोडदळ बगलेवर ठेवायची सवय असते.

रिक प्रीस्टली यांच्या ‘वॉरमास्टर’ने २००० साली फासा उलट्या बाजूने वापरला. इथे प्रत्येक कमांडरला हुकमाचा आकडा असतो आणि दोन फाशांची बेरीज त्या आकड्याइतकी किंवा कमी आली तरच तुकडी हलते. त्याच तुकडीला त्याच डावात पुन्हा हलवायचं तर आकडा दर वेळी एकने उतरतो. अंतर वाढलं की आणखी उतरतो. आकडा ९ असेल तर हुकूम पाळला जाण्याची शक्यता ८३ टक्के, ८ ला ७२, ७ ला ५८, ६ ला ४२. नऊच्या कमांडरने जवळच्या तुकडीला सलग तीन हुकूम देऊन तिन्ही लागण्याची शक्यता जेमतेम ३५ टक्के. आठच्या कमांडरचे दोन लागण्याची ४२. म्हणून सैन्य घेण्यासाठी मिळालेल्या गुणांतून एका आकड्याने चढा कमांडर विकत घेणं हे दिसतं त्यापेक्षा मोलाचं आहे. तुकड्यांवर सगळे गुण उधळून हलका कमांडर घेणाऱ्याकडे टेबलावर गर्दी असते, पण ती वेळेवर कुठेच पोहोचत नाही.

याच नियमांत क्रमालाही महत्त्व आहे. दुय्यम सरदाराचा हुकूम फसला तर त्या डावापुरता तो एकटा गप्प होतो. मुख्य सेनापतीचा फसला तर सगळ्या सैन्याचे हुकूम तिथेच संपतात. तेव्हा आधी दुय्यम सरदार वापरावेत, सेनापती शेवटी, आणि ज्याच्यावर त्या डावाचा बेत उभा आहे तो हुकूम सगळ्यांत आधी. पुढे ‘ब्लॅक पावडर’मध्ये, २००९ साली, हीच पद्धत बंदुकांच्या काळाला लागू झाली. तिथे फासे आकड्याच्या जितके खाली, तितक्या जास्त चाली, तीनपर्यंत. नकाशावरच्या पटखेळांनी पत्त्यांची वाट धरली. १९९६ च्या ‘हॅनिबल’मध्ये हॅनिबल अगदी १ च्या पत्त्यावरही हलतो, तर सुस्त सेनापतीला ३ चाच पत्ता लागतो. रोमचे कॉन्सल, म्हणजे वर्षापुरते निवडलेले सेनाप्रमुख, दरवर्षी बदलत असल्याने त्या बाजूच्या खेळाडूला मनासारखा सेनापती सहसा निवडता येत नाही. खेळाचा सगळा ताण या एका कलमातून येतो.

आता तिसरा प्रश्न, सेनापती पडण्याचा. त्यासाठी आधी हे ठरवावं लागतं: त्याने स्वतः हाणामारीत उतरावं का? डीबीएमध्ये त्याच्या तुकडीला झटापटीत एक गुण जास्त मिळतो. रिचर्ड बोर्ग यांच्या ‘कमांड्स अँड कलर्स: एन्शंट्स’मध्ये फाशांवर आकड्यांऐवजी चित्रं असतात; सोबत नेता असला की फाशाची शिरस्त्राणाची बाजूही वार म्हणून धरली जाते आणि माघारीचा एक झेंडा दुर्लक्षिता येतो. धोका किती? नेत्याच्या तुकडीचं नुकसान झालं पण ती टिकली, तर दोन फाशांवर दोन्ही शिरस्त्राणं पडली तरच तो जातो, म्हणजे ३६ मध्ये १. तुकडी पूर्ण नष्ट झाली तर एकाच फाशावर निकाल, ६ मध्ये १. धोका सहापट होतो. नेता ताज्या, भरलेल्या तुकडीबरोबर घालावा. शेवटचा ठोकळा उरलेल्या तुकडीला वाचवायला पाठवू नये.

हे गणित इतिहासाशी जुळतं का, ते सोलापूर जिल्ह्यातच तपासता येतं. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला बापू गोखले काही शे स्वार घेऊन जनरल स्मिथच्या घोडदळावर तिरके तुटून पडले. हल्ला इतका जोरदार होता की खुद्द स्मिथच्या डोक्याला तलवारीची जखम झाली. बापू पडले आणि लढाई संपली. बाजीराव निसटले, छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. सेनापती सोबत असल्याचा फायदा आणि तो गेल्याची किंमत, दोन्ही एकाच तासात. पानिपतावरही विश्वासरावांना गोळी लागल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरून गर्दीत शिरले आणि अंबारी रिकामी दिसताच सैन्याचा धीर सुटला. खेळाच्या भाषेत, त्या क्षणापासून हुकूम देणारं कुणी दिसत नव्हतं.

मे १८१८ ची सोलापूरची लढाई खेळायला आणखी चांगली, कारण तिच्यात दुय्यम सरदाराचा प्रश्न येतो. १० मेला इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने शिड्या लावून पेठ घेतली. पेशव्यांचे सरदार गणपतराव पानसे तोफा आणि पायदळ घेऊन पूर्वेकडून वळसा घालून आले. त्या चकमकीत पानसे जबर जखमी झाले, त्यांच्या हाताखालचा सरदार तोफेच्या गोळ्याने ठार झाला आणि फौज मागे सरली. पुढच्या काही दिवसांत भुईकोट किल्लाही पडला.

ही लढाई ब्लॅक पावडरच्या धर्तीवर मांडायची तर चाटी गल्लीतून घेतलेलं सहा फूट बाय चार फुटांचं मातकट कापड पुरेल. एका लांब कडेला किल्ला आणि त्याला लागून तलाव, शेजारी पेठेची भिंत. पानसे यांना ८ आकडा द्यावा, दुय्यम सरदाराला ७, मन्रोला ९, त्याच्या सोबतच्या जनरल प्रित्झलरला ८. पेशव्यांच्या बाजूने खेळणाऱ्याने पानसे आणि त्यांचा दुय्यम यांच्यात किमान १२ इंच अंतर ठेवावं आणि दोघांना एकाच तोफेच्या सरळ रेषेत कधी उभं करू नये. सेनापती पडला तर त्या बाजूचा पुढचा एक डाव हुकमाविना जातो आणि त्यानंतर दुय्यम सरदार स्वतःच्या आकड्यावर सूत्रं घेतो. दोघेही गेले तर प्रत्येक तुकडी दर डावात ७ वर स्वतंत्र फासे टाकते, आणि फसली की स्वतःच्या कडेकडे एक चाल मागे हटते. कमांडरचे तळ गोल, ४० मिलिमीटरचे करावेत, म्हणजे ते चौकोनी तुकड्यांत मिसळत नाहीत. अंतरासाठी टेपऐवजी १२ इंची पट्टी कापून ठेवावी. उन्हाळ्यात पंखा चालू असताना हुकमाच्या कागदी चकत्या उडतात, त्या पुठ्ठ्यावर चिकटवाव्यात.