अभ्यासाचा थकवा : अनध्यायापासून अभ्यासिकेपर्यंत

दिवसाचे दहा-बारा तास अभ्यासिकेत काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : वाचतो आहे, पण डोक्यात काही शिरत नाही. घरचे त्याला कंटाळा म्हणतात, मित्र चार दिवस गावी जाऊन यायला सांगतात आणि विद्यार्थी स्वतः त्याला आळस समजून बैठक आणखी दोन तासांनी वाढवतो. या अवस्थेला आज बर्नआउट म्हणतात. या नावाला जेमतेम पन्नास वर्षे झाली असली, तरी अतिअभ्यासाने तरुण माणसे खचतात ही चिंता महाराष्ट्रात त्याहून बरीच जुनी आहे, आणि तिचा इतिहास पाहिला की सध्याच्या उपायांत नेमके काय कमी पडते हेही दिसू लागते.

न्यूयॉर्कमधील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी 1974 मध्ये हा शब्द शास्त्रीय लेखनात आणला. एका मोफत दवाखान्यात सेवाभावाने काम करणारे कार्यकर्ते काही महिन्यांत कसे थकत, चिडचिडे होत आणि ज्यांच्यासाठी राबायचे त्यांच्याविषयीच कसे उदासीन होत, हे त्यांनी जवळून पाहिले होते. कामात जीव ओतणारी माणसेच या अवस्थेला अधिक बळी पडतात, हे त्यांचे निरीक्षण विद्यार्थ्यांच्या बाबतीत कधीही विसरू नये. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी 1981 मध्ये बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. अंगातले त्राण संपणे, कामाविषयी तुटकपणा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटू लागणे, अशी तीन अंगे तिने वेगळी केली. 2002 मध्ये विल्मर शाउफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पेन, पोर्तुगाल आणि नेदरलँड्समधील विद्यापीठीय विद्यार्थ्यांना हीच मोजपट्टी लावली, तेव्हा पगार आणि साहेब नसलेल्या माणसालाही बर्नआउट होतो ही गोष्ट संशोधनात रीतसर नोंदली गेली.

तरीही अधिकृत व्याख्येत विद्यार्थ्याला अजून जागा मिळालेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, म्हणजे जानेवारी 2022 पासून अमलात आलेल्या यादीत, बर्नआउटला आजार न मानता नोकरीच्या ठिकाणी सतत राहिलेल्या ताणाचा परिणाम मानले आहे आणि आयुष्याच्या इतर क्षेत्रांतील अनुभवांना ही संज्ञा लावू नये असेही स्पष्ट म्हटले आहे. वर्गीकरणाच्या शिस्तीसाठी हे ठीक असेल. पण नोकरदाराच्या मागे निदान साप्ताहिक सुट्टी, रजा आणि कामाचे ठरलेले तास असतात, तर स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याला यांपैकी काहीच नसते, हा फरक त्या व्याख्येत झाकला जातो.

अभ्यासाला सक्तीची सुट्टी असावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. वेदपाठशाळांमध्ये प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे अनध्यायाचे, म्हणजे पाठ बंद ठेवण्याचे, दिवस मानले जात. याशिवाय ग्रहण, मेघगर्जना किंवा गावातील मृत्यू यांमुळेही पाठ थांबे. त्यामागची कारणे धार्मिक होती आणि ते शिक्षणही समाजातील मोठ्या वर्गाला बंद होते, त्यामुळे त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र विश्रांतीचा दिवस विद्यार्थ्याने स्वतः ठरवायचा नसे, तो आधीच ठरलेला असे, आणि म्हणून त्या दिवशी पोथी मिटून ठेवताना कोणाला अपराधी वाटत नसे, ही बाब आजच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि अभ्यासाचे गणित पार बदलले. शिकवणारा शिक्षक एक आणि परीक्षा घेणारी संस्था दुसरी. वर्षभराचे सगळे विषय काही दिवसांत लिहून दाखवायचे. आणि त्या निकालावर सरकारी नोकरी, वकिली, घराण्याची प्रतिष्ठा सारे अवलंबून. 1862 मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या मोजक्या पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. रानड्यांची दृष्टी अधू होती आणि पुढील आयुष्यात त्यांना बरेचसे वाचून दाखवावे लागे. याच रानड्यांनी 1894 मध्ये, भांडारकर विद्यापीठाचे कुलगुरू असताना, पदवीधर तरुणांच्या अकाली मृत्यूंचा प्रश्न जाहीर भाषणातून मांडला आणि हिंदू पदवीधरांची स्थिती पारशी पदवीधरांच्या तुलनेत तपासली. तो काळ क्षय आणि तापाच्या साथींचा होता, तेव्हा त्या मृत्यूंना बर्नआउट म्हणणे चूक ठरेल. तरी तुलना करण्याची ती रीत मोलाची होती, कारण परीक्षा तीच असताना दोन समाजांतील तरुणांवरचा परिणाम वेगळा असेल, तर नजर पुस्तकापलीकडे, घरची ओढगस्त, लवकर झालेले लग्न आणि अंगावर पडलेला संसार यांच्याकडेही वळवावी लागते.

याच पिढीच्या मागून आलेल्या बाळ गंगाधर टिळकांनी मात्र उपाय स्वतःपुरता शोधला. 1873 च्या सुमारास डेक्कन कॉलेजात दाखल झाल्यावर त्यांनी पहिले वर्ष तालीम, पोहणे आणि प्रकृती कमावणे यांतच घालवले आणि त्यापायी परीक्षेचे एक वर्ष गमावले. चरित्रकार हा प्रसंग जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात दुसरेही काही दिसते : प्रकृतीसाठी वर्ष खर्चणे ही चैन ज्याला परवडते त्यालाच हा मार्ग खुला असतो. त्याच कॉलेजातले त्यांचे मित्र गोपाळ गणेश आगरकर हलाखीत शिकले, दम्याने आयुष्यभर त्रासले आणि 1895 मध्ये, चाळिशीही न गाठता, गेले.

स्वातंत्र्यानंतर परीक्षार्थींची संख्या प्रचंड वाढली आणि ओझे खालच्या वर्गांपर्यंत उतरले. दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादीने गुणांची चढाओढ घरोघरी नेली. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून पुढे आलेल्या, जादा तास आणि सराव परीक्षांवर उभ्या असलेल्या लातूर पॅटर्नने मराठवाड्यातील असंख्य मुलांना डॉक्टर-इंजिनिअर केले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु सर्वांत यशस्वी ठरलेली पद्धत हीच सर्वांसाठी किमान अट बनते, आणि मग तेवढे तास न बसणारा मुलगा मागे राहतो. राजस्थानातील कोटा शहरात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. तेथील जे.के. सिंथेटिक्स कारखान्यातील अभियंता विनोदकुमार बन्सल यांनी स्नायूंच्या असाध्य आजारात घरी शिकवण्या सुरू केल्या आणि त्यांतून पुढे एक अख्खे कोचिंगचे शहर उभे राहिले.

सरकारी पातळीवर याची दखल घेतली गेली ती आधी दप्तराच्या निमित्ताने. लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेतील आपल्या पहिल्याच भाषणात मुलांच्या पाठीवरच्या ओझ्याचा प्रश्न काढला. 1992 मध्ये प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 1993 च्या अहवालात तिने सांगितले की दप्तराच्या वजनापेक्षा न कळता पाठ करण्याचे ओझे अधिक घातक आहे. ते निदान आजही तंतोतंत लागू पडते. जानेवारी 2024 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, दिवसाला पाच तासांहून अधिक वर्ग नाहीत, आठवड्याची सुट्टी द्यायची आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवायची नाही. यांतली शेवटची अट ज्याने कोणी लिहिली त्याला विद्यार्थ्याचे मन ठाऊक असले पाहिजे, कारण सोमवारी पेपर असेल तर रविवारची सुट्टी कागदावरच राहते.

पण पुण्याच्या नवी पेठेत, सदाशिव पेठेत किंवा शास्त्री रस्त्यालगतच्या अभ्यासिकेत बसणारा विद्यार्थी या सूचनांच्या कक्षेत येतच नाही; तेथे कोणी शिकवत नाही, फक्त टेबल, खुर्ची, दिवा आणि महिन्याचे शुल्क असते. प्लायवूडच्या आडोशाने वेगळ्या केलेल्या त्या कप्प्यात समोर वेळापत्रक चिकटवलेले असते, त्यावर पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचे रकाने आखलेले असतात, आणि विश्रांतीचा रकाना बहुधा जेवणाचाच असतो. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी 38 आणि मागास प्रवर्गांसाठी 43 वर्षे असल्याने हे आयुष्य सहज सात-आठ वर्षे लांबते. पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशा पायऱ्यांत शेवटच्या पायरीवर घसरलेल्याला पुन्हा पूर्वपासूनच सुरुवात करावी लागते. त्यात तारखाही हातात नसतात : मार्च 2021 मध्ये राज्यसेवा पूर्व परीक्षा अवघ्या तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली गेली, तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये कामगारांविषयी दाखवून दिले होते की मागणी मोठी आणि स्वतःच्या हातात मात्र काहीच नाही, अशा कामात ताण सर्वाधिक असतो. परीक्षार्थीचे आयुष्य याहून वेगळे नाही.

मग विद्यार्थ्याच्या हातात उरते काय? तासांचा हिशेब तेवढा त्याच्या हातात आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवले की तेवढीच उजळणी एका बैठकीत उरकण्यापेक्षा काही दिवसांत विभागली तर अधिक टिकते. वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारल्याने ते जास्त लक्षात राहते, हे अलीकडच्या प्रयोगांनीही सिद्ध केले आहे. आणि दिवसा वाचलेले झोपेत पक्के होते, म्हणून पहाटेची झोप कापून मिळवलेला तास आदल्या दिवसाच्या तासांतूनच वजा होतो. अनध्यायासारखीच आठवड्याची सुट्टीही एकट्याने ठरवू नये, एका मेसमध्ये जेवणाऱ्या किंवा एका खोलीत राहणाऱ्या चौघांनी मिळून ठरवावी, म्हणजे तिच्याबद्दल कोणालाच अपराधी वाटत नाही. निकालानंतर लगेच पुढच्या जाहिरातीचा अर्ज भरण्याआधी, किती वेळा परीक्षा द्यायची आणि त्यानंतर कोणते काम धरायचे, हे घरच्यांबरोबर बसून लिहून काढावे. ज्याच्यापुढे दुसरी वाट आहे त्याला पहिली वाट चालणे सोपे जाते.

सुट्टी घेऊन, झोप पुरी करूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहत असेल, आवडीच्या गोष्टी नकोशा होत असतील किंवा जगणेच नको वाटत असेल, तर तो अभ्यासाचा थकवा राहिलेला नाही. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर डॉक्टरांचे उपचार लागतात. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर ती चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते.