विनोद लिहितो कोण?

जुन्या मराठी विनोदात ठाणं यायचं ते एकाच कामासाठी. ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ म्हटलं की हशा ठरलेला. १९०१ साली सुरू झालेल्या मनोरुग्णालयाने शहराला ही कीर्ती मिळवून दिली. विनोद स्वस्तातला आणि आज ऐकताना खटकणाराही, पण पिढ्यानपिढ्या चालला. आता उलटं झालंय. टीव्हीसाठी विनोद लिहिणारी पोरं ठाण्यात भाड्याने राहतात, कारण घोडबंदर रोड, काशिमीरा, मीरा रोड या पट्ट्यात मराठी मालिकांचे सेट लागतात. गोरेगावला जायचं तर लोकलने दादरला जाऊन गाडी बदला. त्यापेक्षा घोडबंदरची कोंडी परवडली.

या लेखकाची वंशावळ काढायची तर तमाशापर्यंत जावं लागतं. गण-गौळण झाली की वग म्हणजे मुख्य कथानाट्य सुरू होण्याआधी बतावणी, म्हणजे विनोदी संवाद, यायची. ती कागदावर कमी आणि सोंगाड्याच्या जिभेवर जास्त. कालच्या गावात पडलेलं वाक्य आजच्या गावात बदलायचं, एवढंच तिचं संपादन. लेखक आणि नट असे दोन वेगळे हिशेब तिथे नव्हतेच.

ते वेगळे केले छापखान्याने. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन वरळीतून सुरू झालं, तेव्हा टीव्हीसाठी म्हणून विनोद लिहिणारा माणूस मराठीत तयार कुठून असणार? मग पुस्तकांचं कपाट उघडलं गेलं. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ पडद्यावर आले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपात. घराघरांत हे दोघे पोचले तेव्हा त्यांचा लेखक जाऊन बरीच वर्षं झाली होती; जोशी १९६३ मध्येच वारले. हिंदीतही वेगळं नव्हतं. १९८४ च्या ‘ये जो है जिंदगी’चे सुरुवातीचे भाग लिहिणारे शरद जोशी आधीपासून छापील व्यंगलेखनात मुरलेले होते.

१९९९ मध्ये अल्फा मराठी (आताची झी मराठी) आली आणि पुन्हा वृत्तपत्रच कामी आलं. प्रभावळकरांच्या ‘लोकसत्ता’तल्या ‘अनुदिनी’ या सदरावरून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिका निघाली आणि त्यात आबा, म्हणजे घरातले आजोबा, झाले स्वतः प्रभावळकर. माझ्या मते वळण इथेच आहे. लिहिणारा पुन्हा कॅमेऱ्यासमोर आला.

पुढे स्किटच्या कार्यक्रमांनी तेच पक्कं केलं. ‘फू बाई फू’, २०१४ पासून ‘चला हवा येऊ द्या’, २०१८ पासून ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. ‘चला हवा येऊ द्या’त निलेश साबळे सूत्रसंचालन करायचे आणि लिहायचेही; समीर चौघुले, प्रसाद खांडेकर नट आणि लेखक दोन्ही. बतावणीच ती, फक्त सोंगाड्याच्या हातात आता छापील पानं आली. जो फक्त लिहितो, त्याची मात्र यात पंचाईत होते.

असा एक मित्र मला आहे. एकांकिका स्पर्धांमधून आलेला. ठाण्यात तलावपाळीला, गडकरी रंगायतनच्या कट्ट्यावर बसून त्याने एकदा मोबाइलवरचं स्किट वाचून दाखवलं. (राम गणेश गडकरी स्वतः ‘बाळकराम’ नावाने विनोद लिहायचे, नाट्यगृहाला नाव देणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा नाटकंच असावीत.) प्रसंग नव्या टॉवरमधल्या फ्लॅटचा. गिऱ्हाईक विचारतं, “व्ह्यू आहे म्हणाला होतात ना?” एजंटचं उत्तर त्याने आधी लिहिलं होतं : “समोरच्यांच्या स्वयंपाकघराचा व्ह्यू आहे की.” वाचलं, कुणी हसलं नाही. त्याने तिथेच अंगठ्याने शब्द उलटे केले : “आहे की! समोरच्यांच्या स्वयंपाकघराचा.” आता शेजारी भेळ खाणारं अनोळखी जोडपंही हसलं. मराठी वाक्यात ‘आहे’ शेवटी येतं, ही रोजची सवय. विनोदात मात्र ते गुपचूप पुढे काढून ठेवावं लागतं, नाहीतर हशाचा शब्द मधेच चेंगरतो. हे त्याला कोणत्याही कार्यशाळेने शिकवलं नव्हतं.

दीड महिन्याने तो भाग लागला. आम्ही त्याच्या कळव्याच्या खोलीत बघत होतो. एजंट झालेला नट “आहे की!” म्हणाला, मग खिडकीपाशी गेला, डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणाला, “आज भेंडी आहे.”

स्टुडिओ कोसळला. मित्रही हसला, मग म्हणाला, “हे मी लिहिलेलं नाही.” शेवटी नामावली आली. ‘लेखन’खाली नाव त्याचंच होतं.