अल्बर्ट थरगूडचे गोल कोणत्या खात्यात?

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमधल्या मेलबर्नच्या एसेन्डन क्लबच्या अल्बर्ट थरगूडच्या नावापुढे लीगच्या अधिकृत नोंदीत ४६ सामने आणि ८९ गोल आहेत. बरे आहेत, एवढंच कुणीही म्हणेल. पण ही वही १८९७ पासून उघडते आणि थरगूडची ऐन भरातली वर्षं त्याआधीची आहेत.

त्याचा जन्म १८७४ चा. १८९२ मध्ये, विशीही गाठायच्या आत, तो एसेन्डनकडून उतरला आणि सलग तीन हंगाम व्हिक्टोरियात सर्वाधिक गोल त्याचेच राहिले. तिन्ही वर्षी संघ विजेता. १८९३ मध्ये तर अपराजित. तेव्हा निकाल फक्त गोलांवर लागे, बिहाइंड (मधल्या दोन खांबांऐवजी त्यांच्या बाजूने गेलेला चेंडू) मोजूनही हिशेबात धरत नसत. अशा खेळात एकट्याने हंगामाला पन्नासच्या पुढे गोल करणं ही काय चीज होती, हे नंतरच्या, गोलाला सहा आणि बिहाइंडला एक गुण देणाऱ्या जमान्यातून नीट दिसत नाही.

मग मेलबर्नच्या बँका कोसळल्या, पश्चिम ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं आणि अनेकांसारखा तोही तिकडे गेला. फ्रीमँटलमध्ये १८९५ ते १८९७ पुन्हा तीच कथा. १८९८ मध्ये परतला, तर एसेन्डनकडून खेळायची परवानगी अडली आणि अख्खा हंगाम बसून गेला. १८९९ च्या जूनमध्ये ईस्ट मेलबर्नच्या मैदानावर जमिनीवर ठेवलेल्या चेंडूला त्याने मारलेली किक मोजली गेली: १०७ यार्ड आणि वर थोडं, म्हणजे ९८ मीटरहून जास्त. १९०१ च्या अंतिम सामन्यात संघाच्या सहापैकी तीन गोल त्याचे होते.

खरा गुंता १८९६ च्या अखेरीचा. आठ क्लब जुन्या संघटनेतून फुटले आणि त्यांनी स्वतःची लीग काढली. क्लब तेच, खेळाडूही बहुतेक तेच, पण आकडे शून्यापासून. या निर्णयाच्या बाजूने सांगितलं जातं की आधीच्या नोंदी वर्तमानपत्रांवर विसंबलेल्या आहेत आणि दुबळ्या संघांविरुद्धचे गोलही त्यात मिसळलेले आहेत. मुद्दा अगदीच पोकळ नाही. तरी १८९६ मधला गोल खालच्या दर्जाचा आणि १८९७ मधला वरच्या, हे पटवून घ्यायला बराच भाबडेपणा लागतो. एसेन्डनची १८९१ ते १८९४ ची चार विजेतेपदंही याच रेषेपलीकडे पडली. क्लबची म्हणून सांगितली जातात ती १६ सगळी १८९७ पासूनची.

पुढे तुलना वाढत गेली तशी ही रेषा अधिकच ठळक झाली. १९२९ मध्ये कॉलिंगवूडच्या एका खेळाडूने हंगामात १२४ गोल करून पहिल्यांदा शंभरी ओलांडली, कारकिर्दीत १,२९९ केले. कारकिर्दीतला तो विक्रम १९९९ मध्ये मोडला. या याद्यांत थरगूड कुठेच वर येत नाही. मात्र १९९६ मध्ये या खेळातल्या थोर खेळाडूंच्या सन्मानयादीची, हॉल ऑफ फेमची, पहिली निवड झाली तेव्हा त्याला पहिल्याच खेपेला घेतलं, आणि ते काही ४६ सामन्यांतल्या ८९ गोलांसाठी नव्हतं. म्हणजे सन्मान देताना जुनी वर्षं धरायची आणि आकडे देताना वगळायची, असा हा दुहेरी हिशेब आहे.