स्टोरेज पूल मॅनेजर

स्टोरेज पूल मॅनेजर, संक्षेपाने एसपीएम : अनेक सर्व्हर एकच सामायिक साठा वापरत असताना त्या साठ्याच्या मांडणीत फेरबदल करण्याचा अधिकार एका वेळी एकाच सर्व्हरकडे ठेवणारी, आणि तो सर्व्हर पडल्यास अधिकार दुसऱ्याकडे नेणारी व्यवस्था. ओव्हर्ट ही मुक्तस्रोत आभासीकरण प्रणाली (एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे, म्हणजे सॉफ्टवेअरने घडवलेले संगणक, चालवणारी) आणि तिच्यावर उभारलेले रेड हॅटचे व्यापारी उत्पादन (त्याची नियमित देखभाल २०२४ मध्ये संपली) यांत ती आढळते. या घराण्याचा उगम क्यूमरानेट या इस्रायली कंपनीत आहे. तिथे तयार झालेला केव्हीएम हा हायपरव्हायझर, म्हणजे आभासी यंत्रे चालवणारा प्रोग्राम, २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) २.६.२० आवृत्तीत आला, २००८ मध्ये रेड हॅटने ती कंपनी १० कोटी ७० लाख डॉलरना विकत घेतली आणि २०११ मध्ये ओव्हर्ट प्रकल्प जाहीर झाला.

फायबर चॅनेल किंवा आयस्कझी या, सर्व्हर आणि साठा जोडणाऱ्या, जाळ्यांवरून मिळणारी एकच डिस्क गटातल्या सगळ्या सर्व्हरांना दिसते. ओव्हर्ट त्या डिस्कवर एलव्हीएमचा (लिनक्समध्ये डिस्कची जागा वाटून देणाऱ्या सोयीचा) व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे जागेचा एकत्रित साठा, बांधते आणि प्रत्येक आभासी डिस्कला त्यात एक लॉजिकल व्हॉल्यूम, म्हणजे त्यातला एक तुकडा, देते. कोणता व्हॉल्यूम कुठून कुठपर्यंत, ही नोंद म्हणजे मेटाडेटा. दोन सर्व्हरांनी तो एकाच वेळी लिहिला, तर एकच जागा दोन यंत्रांच्या नावे लागू शकते, आणि मग दोघांचाही डेटा जातो. यावरचा जुना उपाय म्हणजे क्लस्टर एलव्हीएम. त्यात सगळे सर्व्हर एका घट्ट क्लस्टरचे सभासद होतात, नेटवर्कवरून सतत एकमेकांची खबर घेतात आणि प्रत्येक बदलासाठी सामायिक कुलूप घेतात. सभासद वाढले की हे प्रकरण जड होते. एसपीएमने प्रश्नच लहान करून टाकला: वाचणारे कितीही असोत, नोंदवहीत लिहिणारा एकच.

तलाठी रजेवर गेला म्हणून नांगरणी थांबत नाही, अडतो तो फक्त फेरफार. इथेही तसेच आहे. आभासी यंत्रे आपापल्या डिस्कवर थेट लिहितात, त्यात एसपीएम मध्ये येत नाही. नवी डिस्क करणे, जुनी काढणे, स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेणे एवढीच कामे त्याच्यावाचून खोळंबतात. फेलओव्हर, म्हणजे पडलेल्या सर्व्हरची भूमिका दुसऱ्याकडे जाणे, स्वस्तात होतो तो यामुळेच. ज्याच्या जाण्याने चालू काम बंद पडत नाही, त्याच्यासाठी जोडीचा सर्व्हर दिवसरात्र तयारीत उभा ठेवावा लागत नाही. गटातला कोणताही धडधाकट सर्व्हर ही भूमिका घेऊ शकतो. निवड ओव्हर्टचे इंजिन (सगळ्या सर्व्हरांवर देखरेख ठेवणारा मध्यवर्ती प्रोग्राम) करते आणि प्रशासकाने ठरवलेला अग्रक्रम पाहते. अग्रक्रम उणे १ ठेवला, तर त्या सर्व्हरकडे ही जबाबदारी कधीच जात नाही.

जुना एसपीएम खरोखर थांबला आहे की केवळ त्याचे नेटवर्क तुटले आहे, हे ओळखणे सर्वांत अवघड. नेटवर्क तुटलेला सर्व्हर साठ्यावर लिहीतच राहू शकतो. म्हणून अधिकाराचा पुरावा साठ्यावरच ठेवलेला असतो, भाडेपट्ट्यासारखा, मुदतीचा. ३.१ आवृत्तीपासून हे काम सॅनलॉक हा प्रोग्राम करतो. सामायिक डिस्कवर प्रत्येक सर्व्हरसाठी एक छोटा कप्पा असतो आणि त्यात तो दर २० सेकंदांनी आपल्या हयातीची नोंद नव्याने करतो. ८० सेकंद नूतनीकरण जमले नाही, तर सॅनलॉक पट्टा धरून बसलेली प्रक्रिया स्वतःच मारतो. तीही मरेना, तर वॉचडॉग टायमर, म्हणजे वेळेत इशारा न मिळाल्यास सर्व्हर नव्याने सुरू करणारे घड्याळ, आणखी ६० सेकंदांत अख्खा सर्व्हर रीसेट करतो. म्हणजे शेवटच्या नोंदीपासून १४० सेकंद उलटले की तो सर्व्हर आता लिहीत नाही, हे इतरांना त्याला काही न विचारता धरून चालता येते. हे मूळ आकडे दहा सेकंदांच्या आय-ओ टाइमआउटवर (डिस्कवरचे वाचन-लेखन पुरे होण्यासाठी दिलेल्या मुदतीवर) बेतलेले आहेत, तो बदलला की तेही बदलतात.

घाई असेल तर फेन्सिंग: इंजिन दुसऱ्या सर्व्हरमार्फत आयपीएमआयसारख्या, दुरून वीज बंद-चालू करणाऱ्या पॉवर मॅनेजमेंटच्या सोयीने संशयित सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करते. ती सोयच नसेल, तर माणसाला सर्व्हर हाताने रीबूट करून ‘होस्ट रीबूट झाला आहे’ अशी पुष्टी द्यावी लागते. हे बटण नुसत्या विश्वासावर चालते. सर्व्हर चालू असताना ते दाबले, तर त्याच्यावरची आभासी यंत्रे दुसरीकडेही सुरू होऊन एकाच डिस्कवर दोन यंत्रे लिहू लागण्याचा धोका असतो.

स्वस्ताईची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागते, आणि थिन डिस्कच्या बाबतीत ती बोचते. अशा डिस्कला सुरुवातीला थोडीच जागा मिळते. ती भरत आली की ज्या सर्व्हरवर यंत्र चालते तो साठ्यावरच्या टपालपेटीत वाढीव जागेची मागणी टाकतो, आणि एसपीएम ती वाचून व्हॉल्यूम वाढवतो. नेमका तेव्हा फेलओव्हर चालू असेल आणि यंत्र जोरात लिहीत असेल, तर जागा संपून ते पॉझ होते. डेटा जात नाही, पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने यंत्र बंदच. त्यामुळे भरभर लिहिणाऱ्या डेटाबेससाठी आधीच पूर्ण जागा दिलेली डिस्क घ्यावी हे बरे. एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून वाटून घेतलेल्या फाइलप्रणालीवर, आभासी डिस्क ही फाइल असते आणि ती आपोआप वाढते, तिथे हा प्रश्न येत नाही.

आभासीकरणातल्याच व्हीएमवेअर या कंपनीची वाट वेगळी आहे. तिच्या व्हीएमएफएस या फाइलप्रणालीत असा एकच अधिकारी नसतो, प्रत्येक सर्व्हर डिस्कवरचे कुलूप घेऊन स्वतः नोंद करतो. पूर्वी त्यासाठी तेवढ्यापुरता अख्खा एलयूएन, म्हणजे सर्व्हरांना दिसणारी सामायिक डिस्क, अडवावा लागे. २०१० मधील व्हीस्फिअर ४.१ पासून साठ्याच्या यंत्रानेच साथ दिली, तर फक्त संबंधित भागावर कुलूप लावता येते. ओव्हर्टमध्येही पुढे डेटाची नक्कल करण्यासारखी काही जड कामे एसपीएमकडून काढून इतर सर्व्हरांना देण्यात आली. लॉजिकल व्हॉल्यूम निर्माण करणे आणि वाढवणे मात्र त्याच्याचकडे राहिले.