आकडा बदलतो, पान तेच राहतं

जुलै-ऑगस्टात सांगलीत पहिला प्रश्न एकच असतो, "आयर्विनला किती झालं?" आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टात कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली होती. म्हणून कोयनेतून विसर्ग वाढला, की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरकडची माणसं रात्री मोबाइलवर पाणीपातळीचं पान उघडून बसतात. ३९ फूट ८ इंच. थोड्या वेळानं ३९ फूट ११ इंच. आकडा डोळ्यांदेखत बदलतो, पण स्क्रीन पांढरी होत नाही की पान पुन्हा वरपासून उघडत नाही.

सुरुवातीच्या वेबवर हे शक्य नव्हतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जगासाठी खुली केलेली व्यवस्था साधी होती: ब्राउझरनं पान मागायचं, सर्व्हरनं अख्खं पान द्यायचं, विषय संपला. एक आकडा बदलायचा असला तरी पुन्हा सगळं पान मागवा. अर्धवट भरलेला अर्ज त्यात पुसला जायचा.

वाट सापडली ती ई-मेलमुळे. आउटलुक ब्राउझरमध्ये चालावं, नवी पत्रं आपोआप दिसावीत, यासाठी मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी पडद्यामागून सर्व्हरशी बोलण्याची सोय तयार केली. १९९९ मध्ये ती इंटरनेट एक्स्प्लोरर ५ सोबत आली. पुढं इतर ब्राउझरांनीही ती उचलली. तिची खरी ताकद लोकांना कळली ती २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आल्यावर. त्याच वर्षी जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिलं.

आता आपल्या आकड्याचं बघू. पान उघडताना ब्राउझर त्याची एक वंशावळ मनात मांडतो: पानाच्या पोटात तक्ता, तक्त्यात ओळ, ओळीत आकडा. या रचनेला डॉम म्हणतात. पानासोबत आलेला जावास्क्रिप्टचा कोड, म्हणजे ब्राउझरनं पाळायच्या सूचना, अधूनमधून सर्व्हरला विचारतो, "आत्ताची पातळी?" उत्तरात पान येत नाही, 'पातळी: ३९ फूट ११ इंच, वेळ: रात्री ११' एवढाच मजकूर येतो, बहुधा जेसन नावाच्या सुटसुटीत मांडणीत. फोटो आणि सजावटीसह आजचं पान सहज एक-दोन एमबीचं असतं. हे उत्तर मात्र काहीशे बाइटांत मावतं. मग कोड वंशावळीतला नेमका तो आकडा शोधून बदलतो आणि ब्राउझर तेवढाच भाग पुन्हा रंगवतो. उत्तर येईपर्यंत कोड अडून बसत नाही, तुम्ही खालची बातमी वाचत राहू शकता. पुराच्या रात्री रेंज जेमतेम असते, तेव्हा या काटकसरीचं मोल फार मोठं.

किती वेळानं विचारायचं, हे ठरवणं मात्र कठीण. हजारो मोबाइल दर सेकंदाला विचारू लागले, तर बहुतेक वेळा उत्तर तेच आणि सर्व्हर उगाच दमणार. क्रिकेटचा स्कोअर किंवा गप्पांसाठी २०११ मध्ये प्रमाण ठरलेलं वेबसॉकेट वापरतात. त्यात जोडणी उघडी राहते आणि बदल झाला की सर्व्हर स्वतःच कळवतो. नदीची पातळी तासाला मोजली जात असेल, तर एवढा खटाटोप नको. काही मिनिटांनी विचारलं तरी पुरतं.

पण या पद्धतीत एक धोका आहे आणि नदीकाठच्या माणसानं तो ओळखायलाच हवा. पूर्ण पान मागवताना नेट गेलं, तर ब्राउझर सहसा तसं स्पष्ट सांगतो. पडद्यामागची विचारणा फसली, तर कोड लिहिणाऱ्यानं सोय केली नसेल तेव्हा काहीच दिसत नाही. जुना आकडा तिथंच ताजा असल्यासारखा उभा राहतो. पाणी ४१ फुटांवर गेलेलं असतं आणि मोबाइल ३९ फूट ११ इंच दाखवत असतो. म्हणून अशा पानावर आकड्याशेजारी मोजणीची वेळ हवीच, आणि संपर्क तुटला तर तसं ठळक अक्षरांत दिसायला हवं. तेवढी काळजी घेतलेली नसेल, तर ते पान अपुरं आहे, असंच मी म्हणेन. वेळही बारकाईनं पाहावी: काही पानं सर्व्हरला शेवटचं विचारलं ती वेळ छापतात, पूल पाहून आकडा नोंदवला ती नाही. या दोहोंत तासाभराचं अंतर असू शकतं, आणि पाणी चढत असताना घर रिकामं करायला तेवढा तास लागतो.